छपराला भिणारी कॅप्टन

भूकंपानंतर लातूरच्या आमच्या वस्तीतली पोरं छपराखाली यायला भ्यायची. हॉलच्या फरशीवर बास्केटबॉल जोरात आपटला, की सगळी दाराकडे पळायची. शेवटी वैतागून आम्ही दोघा कोचनी बास्केटचा खांब बाहेर मुरमावर रोवला. टीम तिथंच उभी राहिली. घरात झोपायलाही तयार नसलेली एक पोरगी पुढं तिची कॅप्टन झाली.

परवा ती आली, स्वतःच्या मुलीला टीममधून काढायला. दहावी झाली, आता दिवसभर कोचिंग क्लास. तो क्लास मी पाहिलाय, तळघरात आहे. माझं डोकंच फिरलं.

"अगं, तिथं एक खिडकी न्हाई!"

ती शांतपणे म्हणाली, "एसी हाय की, सर."