डाव्या भिंतीवरची बाई

इटलीतल्या एका खेडेगावच्या चर्चविषयी सिंगापुरातल्या एकाही मराठी माणसाने अज्ञानात मरू नये, एवढ्यासाठीच माझ्या बायकोच्या मामांचा जन्म झाला असावा, असं माझं बरीच वर्षं पक्कं मत होतं. मामा जहाजावर इंजिनीअर होते. निवृत्तीनंतर ते तोआ पायोहच्या एका जुन्या फ्लॅटमध्ये मामींबरोबर राहतात. जगातली निम्मी बंदरं त्यांनी पाहिलीत, पण कुठल्याही बंदराचं विचारा, ‘बरं आहे’ यापलीकडे शब्द निघायचा नाही. मात्र तरुणपणी त्यांचं जहाज इंजिन मोडून इटलीच्या एका चिमुकल्या बंदरात काही महिने अडकून पडलं होतं, आणि त्या बंदरामागच्या टेकडीवर एक चर्च होतं. तिथपर्यंत गप्पा पोचल्या की समोरच्याने घरी फोन करून जेवायला थांबू नका असं सांगावं, हे उत्तम.

मामांना ते चर्च सांगायला कागद-पेन्सिल लागत नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या ठिकाणी, लोक जागा धरायला टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात. मामांनी ठेवलेलं पाकीट ही मुख्य वेदी असते. कॉफीचे कप म्हणजे खांब, चिलीसॉसची वाटी म्हणजे बाप्तिस्म्याचं कुंड. एकदा टेबलं पुसणाऱ्या काकूंनी ती वाटी उचलली, तेव्हा मामा त्यांच्यामागे चार टेबलं धावत गेले होते. सुरुवातीला तिथे कोळ्यांनी बांधलेली एक खोली होती, मग गावाला बरे दिवस आले तशी ती लांब होत गेली. घंटेचा मनोरा मुळात चाच्यांवर नजर ठेवायचा बुरूज होता. मग कधीतरी साथ आली आणि लोकांनी भिंतींना चुना फासला, त्याखाली सगळी चित्रं गडप झाली. ‘शेकडो वर्षं तीन राजे चुन्याखाली झोपलेवते हो, जावईबापू!’ असं म्हणताना ते माझ्या मांडीवर अशी थाप मारत, की चुना मीच फासला होता असं मला वाटे.

त्यांचं खरं प्रेम गिलाव्यावर. मामांचं गाव अजिंठ्याच्या पायथ्याशी. ‘आपल्याकडे गिलावा वाळल्यावर रंग लावला, त्यांनी ओला असतानाच,’ हा फरक त्यांनी आमच्या सगळ्या नातेवाइकांना समजावून दिलाय. ओल्या गिलाव्यावर रंगवायचं, म्हणून एका दिवसात हात पोचेल तेवढाच तुकडा लिंपायचा, हा नियम त्यांनी संसारालाही लावला होता. मामी कणीक भिजवायला बसल्या की हे दारातून म्हणणार, ‘आजच्यापुरतीच हं.’ सेंगकांगला आमच्या नव्या घराच्या वास्तूला आले, तर आल्या आल्या हॉलची भिंत बोटाने ठोकून पाहू लागले. पाहुणे तटस्थ. ‘इथे पोकळ आहे,’ मामा म्हणाले, आणि पुढच्या वर्षी तिथलाच पोपडा सोफ्यावर पडला. घरात बुद्धमूर्ती, पौर्णिमेला न चुकता विहारात जाणारा माणूस. तेव्हा कुणीतरी खवचटपणे विचारलंच, ‘मामा, धर्म बदललात की काय?’ मामा शांतपणे म्हणाले, ‘आमच्या वडिलांनी बदललाय एकदा. तेवढा पुरेसा आहे.’

पण खरं सांगायचं तर त्यांचं पूर्ण ऐकून कुणीच घेतलं नव्हतं. दारातून शिरून, खांबाखांबाशी थांबत मामा वेदीपर्यंत येत, तोवर कुणाला बस आठवे, कुणाला कुकर. आमची लेक तर दुसऱ्याच खांबाशी म्हणे, ‘आजोबा, ऑलरेडी हर्ड लाह!’ मामा हसत आणि वेदी खिशात घालत.

म्हणून गेल्या वर्षी तोआ पायोहच्या ज्येष्ठ मंडळींनी त्यांना रीतसर व्याख्यानालाच बोलावलं, तेव्हा मामांना आभाळ ठेंगणं झालं. महिनाभर त्यांनी तयारी केली. माझ्या बायकोने त्यांना न सांगता त्या चर्चच्या संकेतस्थळावरून नवे फोटो मिळवले. नुकतीच तिथे भिंतींची दुरुस्ती झाली होती. मामांना अचानक मोठ्या पडद्यावर ते सगळं दिसावं, एवढीच तिची हौस.

दुपारचं व्याख्यान रंगलं. मनोरा आला, खांब आले, वेदीही मागे पडली आणि पहिल्यांदाच कुणी उठलं नाही. मग डाव्या भिंतीचा फोटो आला. तान्ह्या येशूला भेटायला आलेले तीन राजे, घोडे, गर्दी. आणि अगदी कडेला, हातभर रुंदीचा साध्या करड्या गिलाव्याचा पट्टा. मामा बोलता बोलता थांबले. पडद्याजवळ गेले. त्या पट्ट्यावर त्यांनी हात ठेवला.

‘इथे एक बाई होती,’ ते म्हणाले.

प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. ‘पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. सगळी गर्दी राजांकडे बघतीय. ही एकटी दाराकडे बघते. म्हणजे आत येणाऱ्याकडे. आमचं जहाज तिथे पडलेलं असताना आई गेल्याची तार आली. तार पोचली तेव्हा गावाकडे सगळं उरकलं होतं. मी टेकडी चढून गेलो, दार उघडलं, तर ती माझ्याकडे बघत होती. आईसारखी होती. नाकडोळे नसतील, पण बघणं तेच.’ हात तसाच ठेवून ते पुढे म्हणाले, ‘म्हातारे पाद्री होते. त्यांनी काही विचारलं नाही, भिंतीसमोर खुर्ची आणून ठेवली. मला रडू येईना. मग मी प्रश्न विचारायला लागलो. हा खांब कधीचा, हा रंग कशाचा. रोज जायचो, रोज विचारायचो.’

पहिल्या रांगेतून मामी हलकेच म्हणाल्या, ‘अहो, हे कधी सांगितलं नाहीत मला.’

‘सांगणारच होतो,’ मामा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. ‘पण ती शेवटी होती ना. तिथपर्यंत कुणी यायचंच नाही.’

माझी बायको लॅपटॉपपाशी रडत होती. मामांनी तिला खूण केली, पुढचा फोटो लाव. आणि जणू काही झालंच नाही अशा स्वरात मंडळींना समजावलं, ‘ओल ओढून तेवढा भाग गळून पडला असेल. अशा जागी चांगले कारागीर नवं चित्र काढत नाहीत. गेलं ते गेलं. साधा गिलावा ठेवतात, म्हणजे इथे काहीतरी होतं एवढं कळतं.’

संध्याकाळी ते आणि मामी आम्हाला सोडायला एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, फलाटापर्यंत आले. मामांच्या आईचा एकही फोटो नाही. माझी बायको त्यांच्या बहिणीची मुलगी. तिने आजीला पाहिलेलंच नाही. तिने विचारलं, ‘मामा, आजी दिसायची कशी?’

एका खांबावर तासभर बोलणारा हा माणूस एवढंच म्हणाला, ‘उंच नव्हती.’

गाडी आली. दारं उघडली. आम्ही चढलो नाही. दारं मिटली आणि गाडी गेली.

‘हसू आलं की आधी पदर तोंडाला लावायची,’ मामा म्हणाले. ‘आणि मग हसायची.’

मामी बाकावर जरा सरकून बसल्या. आम्ही पुढची गाडीही जाऊ दिली.