छज्ज्याखालच्या गांधीलमाश्या

पार्वतीचं काम उजेडाचं. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कापायचे, आणि तेही असे की कात्रीचं टोक कापडाला लागता कामा नये. कोसाडच्या वसाहतीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात असा उजेड फक्त गॅलरीत होता. अमळनेरकडून लग्न होऊन सुरतेत आल्यापासून, आधी भेस्तानच्या भाड्याच्या खोलीत आणि मग इथं, ती दाराशी किंवा गॅलरीतच बसत आली.

चैत्रातल्या एका दुपारी तिच्या डोक्यावरून काहीतरी गेलं. मान न हलवता तिनं डोळे वर केले. लांबट, पिवळट तांबूस अंग, दोऱ्यासारखी कंबर, उडताना खाली लोंबणारे पाय. मधमाशी आखूड आणि लवदार असते. ही गांधीलमाशी होती. छज्ज्याखाली देठाला टांगलेलं कचोरीएवढं कागदी पोळं होतं, खालून उघड्या घरांचं. पार्वती साड्या तिथंच टाकून बसल्या बसल्या मागं सरकली आणि दार लावून घेतलं.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत एकच गांधील तिच्या मनगटाला डसली होती. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, दवाखान्यात इंजेक्शनं द्यावी लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा डसली आणि श्वास अडल्यासारखं वाटलं, तर वाट बघत बसू नका. थेट एकशेआठला फोन."

संध्याकाळी तिचा नवरा भिकन लूमवरून, यंत्रमागाच्या कारखान्यातून, आला. त्यानं काचेतून पोळं पाहिलं आणि हसला.

"मोहोळ शे. धूर करू, जाई निघी."

"मोहोळ नाही हो, गांधिली आहेत. खालच्या योगेशला बोलवू. त्याचा धंदाच आहे औषध मारायचा."

"माले शिकाडू नको. आपला गावमा असाच धूर करतस."

शेजारच्या सुभद्राबाई दारातच उभ्या होत्या. त्या परभणीकडच्या. "भाऊ, मध निघाला तर वाटीभर आमच्याकडं बी धाडा."

एवढं ऐकल्यावर भिकन मागं हटणार नव्हता. गावाकडं तो गोवरी आणि कापसाच्या चिंध्या पेटवून धूर करायचा. इथं गोवरी नव्हती, चिंध्या मात्र पिशवीभर होत्या, लूमवरून आणलेला टाकाऊ धागा. काठीला तो गुंडाळू लागला तशी पार्वती म्हणाली,

"ते सूत नाही. पोलिस्टर आहे. मी काठाला मेणबत्ती दाखवते तेव्हा बघता ना, कसं वितळतं?"

"तू आत थांब. कडी लाव."

तो गॅलरीत गेला, तशी तिनं कडी लावली आणि काचेशी उभी राहिली.

धूर झालाच नाही. धागा भडकला, वितळला आणि त्याचे पेटते थेंब टपटप खाली पडू लागले. एक भिकनच्या पायाजवळ पडला, एक साड्यांच्या गठ्ठ्यावर. पोळ्यावरच्या गांधिली एकदम सुटल्या. पार्वतीचा हात कडीवर गेला होता. गठ्ठा ओढायला ती स्वतःच बाहेर जाणार होती.

"उघडू नको!" भिकन ओरडला.

तिनं हात काढला. "पाण्याची बादली तुमच्या मागं आहे! ओता! आणि हात झाडू नका, तोंड झाका, खाली बसा!"

त्यानं काठी टाकली, बादली सगळ्यावर उपडी केली, एक भिजलेली साडी डोक्यावर ओढली आणि कोपऱ्यात बसून राहिला. हलणारं काही उरलं नाही तशा गांधिली पोळ्याकडं परतल्या. मग पार्वतीनं हळूच कडी काढली, स्वयंपाकघरात जाऊन तिथलं दार आतून लावलं आणि हाक मारली, "या आता. सरकत या. आधी दार लावा."

त्याचा कान भज्यासारखा फुगला होता. तिनं साबणानं धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवली. नजर मात्र त्याच्या छातीवर होती.

"घशात काही?"

"घशात नाही. कानात लूम चालू शे."

सुभद्राबाई डोकावल्या. "निघाला का मध?"

"निघाला. या, कान पिळा," भिकन म्हणाला.

हसून झाल्यावर भिकननं पट्टी उलटी करून कानावर दाबली आणि म्हणाला, "तुले डसल्या असत्या तर... बोलाव योगेशले."

योगेश दुसऱ्या दिवशी अंधारताना आला, सगळ्या गांधिली पोळ्यावर परतल्यावर. जाड कपडे, हातमोजे, तोंडावर जाळी. लांबूनच फवारलं, थांबला, पोळं खरवडून पिशवीत घेतलं, देठाची जागा घासून पुसली. "काही बाहेर राहिलेल्या असतात," तो म्हणाला. "त्या घर शोधत येतील. तोवर दार बंदच ठेवा, काकू."

तशा आल्या. मोकळ्या छज्ज्याखाली चार-दोन गांधिली त्याच जागेला पाय टेकत, उठत, पुन्हा टेकत. पार्वती आत ट्यूबलाइटखाली बसून कापत होती आणि मधून मधून काचेतून बघत होती. जळून भोक पडलेली साडी तिनं बाजूला काढली होती. साड्या देणाऱ्या व्यापाऱ्याला ती स्वतः सांगणार होती.

मग एका दुपारी छज्ज्याखाली काहीच नव्हतं. जेवणं होईपर्यंत तिनं वाट पाहिली. तरीही काही आलं नाही, तेव्हा तिनं कडी काढली, वर एकदा नीट पाहून घेतलं आणि गठ्ठा बाहेर ओढला.