व्याही येईपर्यंत

आमच्या कोळवणच्या घरात गेली तीन वर्षं एक वाक्य ठरून गेलं आहे. माझ्या मुलीचे पाय असे ताठ का, ती अजून भिंत धरून का चालते, असं कुणी विचारलं की आबा, म्हणजे माझे वडील, सांगतात, "त्या दिशी ट्रॅफिक लई व्हतं." आई मान डोलावते. विचारणाराही डोलावतो, कारण पुण्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालायला कुणाचीच ना नसते. मी चहा टाकायला आत जाते.

रस्ता त्या दिवशी मोकळा होता. मंगळवार होता. शनिवार-रविवार असता तर फार्महाउसवाल्यांच्या गाड्या आडव्या आल्या, असं तरी म्हणता आलं असतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा लागताच आबांनी मला कासारसाईहून, सासरहून, घरी आणलं. आणून चार दिवस होत नाहीत तोच सकाळी पोटात कळा. पौडला एका डॉक्टरीणबाईंचं छोटं प्रसूतिगृह आहे, तिथं कसंबसं पोचलो आणि तासाभरात मुलगी झाली. सव्वा किलोची. एकदा रडली, मग रडायची थांबून नुसती कण्हायला लागली. बाईंनी तिला ऊब देणाऱ्या दिव्याखाली ठेवलं, नाकाला ऑक्सिजन लावला आणि पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. मग बाहेर जाऊन आबांना समजावून सांगितलं. मधे नुसता एक पडदा होता, मला सगळं ऐकू येत होतं. बाळाची फुफ्फुसं अजून तयार नाहीत. त्यात सोडायचं औषध इथं मिळत नाही, तिथं मिळतं, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं.

साडेअकराला पुण्याची गाडी दारात उभी राहिली. बाळासाठी काचेची पेटी, सोबत एक नर्स आणि एक तरुण डॉक्टर, माझ्यापेक्षा लहानच असेल. तिनं बाळ तपासलं, काही नळ्या बदलल्या, आणि कागद घेऊन बाहेर आली. "घरच्यांची सही पाहिजे. सही झाली की निघतो."

आबा म्हणाले, "व्याह्यांना येऊ द्या. त्यांचं लेकरू हाय."

माझे आबा वाईट माणूस नाहीत, हीच तर खरी पंचाईत आहे. ते वाईट असते तर मी त्यांना एकदाच काय ते बोलले असते आणि मोकळी झाले असते. आयुष्यात त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. लेक दिल्या घरची, हे त्यांनी एवढं मनावर घेतलं होतं की लग्नानंतर मला दोन दिवस जास्त ठेवून घ्यायचं तरी आधी व्याह्यांना फोन. माझ्या सासरच्यांना नाव ठेवायला जागा म्हणून ठेवली नाही, याचा त्यांना अभिमान होता. मलाही होता. सासरी मी मिरवायची ते.

नवऱ्याला फोन लागेना. त्याच्या हिंजवडीच्या कंपनीत मोबाईल बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शेवटी गेटवरच्या माणसानं निरोप दिला आणि त्याचा फोन आला. आबांनी स्पीकरवर घेतला. नवरा म्हणाला, "मी तिकडेच येतो, हॉस्पिटलला. पण अण्णांना विचारा. ते म्हणतील तसं करा." अण्णा म्हणजे माझे सासरे. म्हणजे लेकराचा बापही आबांसारखाच अण्णांसाठी थांबला.

अण्णा "निघतो" म्हणाले. कासारसाईहून पौड म्हणजे फार तर पाऊण तास. पण अशा कामाला एकटं कसं यायचं? चुलत सासऱ्यांना घ्यायचं, गावातल्या एका जाणत्याला घ्यायचं. तोवर इकडे गाडीतल्या डॉक्टर तीनदा बाहेर आल्या. "काका, तिथला बेड धरून ठेवलाय, पण किती वेळ ठेवतील सांगता येत नाही." आबा प्रत्येक वेळी हात जोडायचे. "आलंच बघा मॅडम. वाटंत हायेत." एकदा तर समोरच्या टपरीवरून चहा आणि बिस्किटं घेऊन आले. "तवर च्या तरी घ्या." पाहुण्यांची उठबस करावी तसं चाललं होतं. आणि तिकडे माझी मुलगी एकेका श्वासासाठी छाती आत ओढत होती.

मी काय करत होते? मी पडद्याआड पडून होते. याच हिंजवडीत मी साठ माणसांच्या पाळ्या लावायचे. कुणी कधी यायचं, कुणाला सुट्टी, कुणाला नाही, माझ्या शब्दावर चालायचं. डॉक्टरांनी "आईला विचारायचं का?" म्हटलेलं मी ऐकलं. माझी आई लगबगीनं म्हणाली, "न्हाई, झोपलीया ती. तिच्या जीवाला नका घोर लावू." आई आत डोकावली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

पावणेदोनला सासऱ्यांची जीप आली. चपला वाजल्या, नमस्कार झाले. आबांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुमच्या कानावर घातल्याबिगर कसं करायचं, म्हणून थांबलो."

"आमच्यासाठी कशाला थांबलात?" अण्णा मोठ्यानं म्हणाले. "धाडून मोकळं व्हायचं की! जीव मोठा का आमी मोठे?"

हे बोलायला त्यांचं काय जात होतं? धाडलं असतं आणि वाटेत बरंवाईट झालं असतं, तर हेच अण्णा याच जागी उभे राहून काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. आबांनाही ठाऊक होतं, म्हणून तर ते सव्वादोन तास हात जोडून उभे राहिले. पण अण्णांचं बोलणं ऐकून मला पहिल्यांदा रडू आलं, रागानं.

अण्णांनी सही केली. पेटी बाहेर नेताना त्या डॉक्टर माझ्या खाटेशी थांबल्या. "ताई, बघून घ्या." काचेआड एक टोपी दिसली आणि टोपीखाली नळ्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जाग्या होतात? अहो, तुमची एकटीची सही पुरली असती." बोलण्यात राग नव्हता. त्यांना घाई होती.

गाडी पाऊण तासात पोचली. संध्याकाळी नातेवाइकांचे फोन सुरू झाले, तेव्हा अण्णांनीच पहिल्यांदा ते ट्रॅफिकचं सांगितलं. दोन्ही घरांना ते मानवलं. मुलगी महिनाभराहून जास्त तिथं होती आणि जगली, म्हणून मग कुणी उकरून काढलं नाही. पुढे तिचे पाय लक्षात आले. तेव्हा तिथल्या मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं, त्या दोन तासांनीच का? ते म्हणाले, इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांत असं होऊ शकतं, एका कारणावर बोट ठेवता येत नाही. तसं नसेलच, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आत्या आली होती. ओटीवर आबा नातीच्या पायांना तेल लावत होते. आम्ही माहेरी असलो की ते रोज लावतात, दोन वेळा, मला हातही लावू देत नाहीत. आत्यानं विचारलं, आबांनी नेहमीचं सांगितलं. मी तिथंच होते. कशी कोण जाणे, त्या दिवशी आत गेले नाही.

"ट्रॅफिक नव्हतं, आत्या. गाडी दारात उभी होती. सव्वादोन तास. आबा व्याह्यांसाठी थांबले होते."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. आबांचा हात थांबला नाही. पोटरीवरून घोट्याकडे, घोट्याकडून वर, तसाच फिरत राहिला. मुलगी त्यांच्या मांडीवर पडून बिस्किट खात होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकलं माझं. पण तू जागी व्हतीस, बाय. पडदा हालला तवा तुझं डोळं उघडं दिसलं मला. तुझं लेकरू, तू शिकल्याली. तू का न्हाई बोलली?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली. उत्तर मला पौडला खाटेवर पडल्या पडल्याच माहीत होतं. मी हो म्हणायची आणि पोर वाटेत जायची, म्हणजे 'हिनंच धाडली' असं जन्मभर ऐकायचं. ते मला नको होतं. म्हणून मी डोळे मिटून घेतले होते.

आत्याला मी म्हटलं, "तेव्हा मला शुद्ध नव्हती." आबांनी नातीचा दुसरा पाय तेल लावायला घेतला.