गुप्तहेराच्या नाकातली चमकी

सोलापुरात ड्रॉइंग मास्तर होतो तेव्हा दर रविवारी सकाळी माझ्या खोलीपुढच्या ओसरीवर मी चित्रकलेचा वर्ग घेत असे. फुकट. यात समाजसेवा वगैरे काही नव्हती. बायको वारलेली, आणि रविवारी दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नसे, एवढंच.

विणकरांची पाच-सहा पोरं यायची, आणि त्यांतल्या एकाची बहीण. फुलं-फळं काढायचा त्यांना मनस्वी कंटाळा. एका मासिकात तेव्हा एका गुप्तहेराची गोष्ट क्रमशः येत होती, पण त्याचं चित्र कधी छापलेलं नसे. पोरं हटून बसली, "मास्तर, आमाला त्यो काढून दावा की."

मी म्हटलं, चेहरा बाजूनं काढायचा. नाकाशिवाय कसला गुप्तहेर! आधी अंडं काढा. त्याचे तीन सारखे भाग करा. वरचं कपाळ, मधलं नाक, खालची हनुवटी. कान नाकाच्या रांगेत, मागं. डोक्यावर हॅट की फेटा यावरून पोरांची जुंपली. एकाचा हेर पोपटासारखा दिसत होता, एकाचा सरळ त्याच्या आज्यावर गेला होता.

तोवर मी फळ्यावर माझा हेर काढत होतो. हात आपसूक चालला होता. थोडं फुगीर कपाळ, नाकाला मध्येच बारीक उंचवटा, वरचा ओठ किंचित पुढे. शेवटी नाकपुडीवर खडूचा एक ठिपका टेकवला.

पोरगी खिदळली. "अगं बया! मास्तर, ह्येनं तर चमकी घातलीया!"

"वेश पालटलाय त्यानं," मी म्हणालो. वेळ मारून नेली. फळ्यावर माझी बायको होती.

आमच्या करकंबच्या घरी थोरांदेखत नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघायची रीत नव्हती. सुटीत मी घरी जाई, स्वयंपाकघराच्या दारापाशी पानावर बसे, आणि चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेली ती मला एका बाजूनं दिसे. रात्री खोलीत येई ती दिवा मालवूनच. असल्या रीती काढणाऱ्याला एकदा समोर उभं करून जाब विचारायला हवा होता. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली ती गेलीच. फोटो एकही नाही.

"मास्तर, आता ह्येला समोरनं काढा की," पोरगी म्हणाली. "दुसरा डोळा कसा हाय त्येचा?"

मी शेजारी दुसरं अंडं काढलं. मधोमध उभी रेघ मारली, भुवया काढल्या आणि हात थांबला. कुणाचेही डोळे बसवले असते तरी पोरांना काय कळणार होतं? पण माझ्याच्यानं ते झालं नाही.

"तो समोरून कसा दिसतो ते कुणालाच ठाऊक नाही," मी म्हणालो. "म्हणून तर तो सापडत नाही."

पोरांना ते फार आवडलं. हसत-ओरडत ती घरी गेली.

मी दुसरं अंडं पुसून टाकलं. फळा आत आणून भिंतीला टेकवला आणि जेवायला दारापाशी बसलो. करकंबला बसायची तशीच ती पलीकडं बघत बसली होती. आता घरात थोरंमोठं कुणी नव्हतं. भर दुपारी मी तिला पहिल्यांदाच हाक मारली.

"अगं, इकडं बघ की."