हत्तीनं पाडलेल्या भिंतीचा खटला

आमच्या शेजारच्या धानगिरणीवाल्याइतका भांडकुदळ माणूस मुलचेऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत सापडणार नाई. एसटीत चढला की खिडकीवरून कंडक्टरशी भांडते, घरी पाहुणे आले की भात कमी काऊन घेतला म्हणून त्यांच्याशी. मी शिकलेला नाई, पण माणूस ओळखतो. त्याच्या भांडणात जहर नाई, नुसता आवाज.

एका पहाटे रानातला हत्ती धानाच्या वासानं आला आन् त्याच्या गिरणीची भिंत पाडून गेला. विमा होता. पण विमावाल्यांचा माणूस पाहणीले येईपर्यंत माझ्या बायकोनं हत्तीच्या पावलांले हळद-कुंकू वाहिलं होतं, बाजूले नारळ आन् सुपात धान. गणपती दारी येऊन गेला तर बाई दुसरं काय करणार? त्या माणसानं नेमका त्याचाच फोटो काढला. कोर्टात त्यांचा वकील म्हणे, "यांनीच धान ठेवून हत्ती बोलावला, भरपाई कशाची?" पूजा हत्ती गेल्यावर झाली, हे सांगणारी एकच साक्षीदार, माझी बायको.

मग गिरणीवाला पेटला. पडक्या भिंतीची वीट थैलीत घालून तारखेले न्यायचा. जजसाहेबांनी विचारलं, "हे काय?"

"भिंत हाय, साहेब. बाकीची घरी हाय."

बायको त्याले म्हणे, "भाऊ, वीट कमी पडली तर आमची चूल न्या."

"बाई, तुमी फक्त साक्षीले चला. चूल मी उचलतो."

साक्षीच्या आधीच ती तापानं गेली.

त्याचा वकील म्हणाला, मृत्यूचा दाखला द्या, साक्षीदारांतून तिचं नाव कमी करू, खटला पुढं सरकू द्या. गिरणीवाला त्याच्याशीही भांडला, नाव काही कमी करू देईना. दर वेळी पुढची तारीख. इकडे भिंतीले ताडपत्री, गिरणी बंद. मी म्हटलं, "काऊन लांबवून राह्यला बे? ती काय आता येणार हाय?"

तो पहिल्यांदाच भांडला नाई. हळूच म्हणे, "मंग भाऊ, तुमी काऊन येता दर तारखेले?"

दर तारखेले कोर्टाचा शिपाई दारात उभा राहून तिचं नाव तीनदा पुकारते. पूर्ण नाव, माझ्या नावासकट, खणखणीत. मी जन्मभर तिले नुसतं "अवं" म्हटलं. आता घरात तेही कोणाले म्हणू?

कालच्या तारखेले मीच दाखला खिशात घालून गेलो. दुसऱ्याची गिरणी माझ्यापायी किती बंद ठेवायची? शिपायानं दोनदा नाव पुकारलं. गिरणीवाल्यानं हात पुढं केला, "देता, भाऊ?"

मी म्हटलं, "थांब जरा. अजून एक पुकारा बाकी हाय."