घासून काढलेलं नाव

ऐंशीच्या दशकात आपण स्वतःचे कॉम्प्युटर बनवले म्हणून कुणी छाती फुगवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, कसे बनवले ते मला विचारा ना! अंधेरीच्या त्या कारखान्यात मी सर्किट बोर्ड तपासायला होते.

आमचे कॉम्प्युटर रशियाला जायचे. त्यांतल्या आयसी, म्हणजे झुरळासारख्या पायांच्या त्या काळ्या चिपा, अमेरिकेतून यायच्या. आपल्याकडे तशा बनतच नव्हत्या. अमेरिकेची अट एकच, रशियाला द्यायच्या नाहीत. मालकाने तसं लिहूनही दिलं होतं. मग त्याने अक्कल काय लढवली, तर आयसीवरचं अमेरिकन नाव सँडपेपरने घासून काढायचं. झालं स्वदेशी!

तपासणी राहिली बाजूला, घासायला बसवलं मला आणि माझ्या शेजारच्या बाईला. ती मालवणची, कुर्ल्याला राहायची. गिरणी संपात नवऱ्याची नोकरी गेलेली, घर हिच्या पगारावर. घासून घासून आमच्या बोटांची टोकं सोलवटली होती. जेवताना लोणच्याला हात लावायची सोय नव्हती.

एक दिवस न कळवता अमेरिकन साहेब तपासणीला आला, आयसी कुठे जातात ते बघायला. रशियाला निघालेलं खोकं त्याने उघडायला लावलं. आत सगळ्या आयसी कोऱ्या. मालक पांढराफटक पडला, पण मेला लगेच सावरला. कामगार बायका अडाणी, त्यांनीच काहीतरी घोळ घातला, असं इंग्रजीत सांगून आमच्यावर ओरडला, "कोणी घासलं? हात दाखवा!"

मी हात एप्रनच्या खिशात घातले. तिने पुढे केले.

"माका घासूक सांगल्यानी, मी घासलंय," ती म्हणाली.

साहेबाला त्यातलं काय कळणार? मालकाने त्याला सांगितलं, बाई स्वतःची चूक कबूल करतेय.

तिने माझ्याकडे बघितलं. मला इंग्रजी येत होतं हो! डिप्लोमा इंग्रजीतच केला होता. एक वाक्य पुरलं असतं. मी खाली बघत राहिले. लाज वाटते सांगायला.

दुपारी तिला काढलं. साहेबाला पटलं की नाही देव जाणे, रिपोर्टात लिहायला त्याला कुणीतरी मिळालं. पुढच्या महिन्यात अमेरिकेच्या आयसी आल्या, रशियाची ऑर्डरही आली. मालकाने सँडपेपरचा नवा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला.

"आता दोघींचं तूच कर."

मी केलं. चार वर्षं.