बसदेवा, फिरतूचं दार आणि माझी आखूड वायर

पुण्याहून निघताना माझ्याजवळ दोन डाग होते. एकात कपडे, दुसऱ्यात आवाज टेपवर घेण्याचं मशीन. कपड्यांची वळकटी मी काखेत मारली. मशीनला हमाल लागला, आणि त्यानंही ते खाली ठेवताना माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मशीन माझं नव्हतं. 'जपून वापरीन' अशी तीनदा शपथ घेऊन मी ते एका स्नेह्याकडून आणलं होतं.

हा उपद्व्याप कशासाठी, तेही सांगतो. मी शाळेत गाणं शिकवतो. त्या वर्षी वाचनालयात ट्रूबादूर लोकांवर माझं व्याख्यान झालं. आठ-नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या दक्षिणेत हे कवी-गायक गढी-गढीतून हिंडायचे, स्वतः रचलेली प्रेमगीतं गायचे. विद्वानांची भाषा सोडून घरच्या बोलीत, एखाद्या स्त्रीला उद्देशून गावं, हे युरोपच्या अंगवळणी त्यांनी पाडलं. आज रेडिओवर विरहगीत लागलं की आपण उसासे टाकतो, त्यातही त्यांचा थोडा वाटा असावा. हे मी इतक्या ऐटीत सांगितलं की मी फ्रान्सला जाऊन आलोय असं काहींना वाटलं. मी तोवर नागपूरच्या पुढे गेलो नव्हतो. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "आपल्याकडे असे कुणी उरलेत का?" मी ठोकून दिलं, "आहेत की! पुढच्या वेळी त्यांचा आवाजच ऐकवतो." मग निस्तरणं भाग पडलं.

भिलाईचं नाव आमच्या शाळेतल्या भंडाऱ्याकडच्या एका शिक्षकांनी सुचवलं. त्यांचे मेहुणे श्यामराव तिथल्या नव्या पोलाद कारखान्यात फिटर होते. धान कापून झालं की तिकडे बसदेवा येतात, असं त्यांनी कळवलं होतं. (बसदेवा म्हणजे आपल्या वासुदेवाचा भाऊबंदच, मोरपिसांच्या टोपीऐवजी पगडीवर कृष्णाची लहानशी मूर्ती.)

दुर्ग स्टेशनवर श्यामराव सायकलरिक्षा घेऊन हजर होते. मशीन पाहून म्हणाले, "मास्तर, गाणं भरून न्याले एवढी मोठी पेटी कावून आणली?"

"आवाज यात बसतो," मी म्हणालो.

"आन् गाणारा?"

रिक्षात पेटी बसली, मी बसलो, आणि श्यामराव सायकलवरून मागे आले. रस्ताभर तांबडी धूळ. दूरवर धुराडी आणि भट्टीचा सांगाडा, अलीकडे एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा, निम्म्यांवर अजून छप्पर नव्हतं. बाजारात एक उंच रशियन साहेब बोटांच्या खुणांनी पेरूंचा भाव करत होता. पेरूवाली त्याच्याच खुणा त्याला परत करत होती, आणि सौदा पटला. मला त्याच बाजारात हिंदीतून साबण विकत घेता आला नाही.

श्यामरावांच्या पत्नी कमलाबाईंनी जेवायला झुणका केला होता, आणि शेजारणीकडून शिकलेला फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळ्या). खाताखाता मी ट्रूबादूरांवरचं अख्खं व्याख्यान पुन्हा दिलं. श्यामरावांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "त्याइले जेवाले कोन दे?"

पुण्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी आणखी एक फरा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामराव पाळीवरून परतताना खरोखरच एका बसदेवाला घेऊन आले. मनराखन त्याचं नाव. वाळकं शरीर, पायात घुंगरू, हातात चिपळ्या. माझी धावपळ उडाली. क्वार्टरमध्ये प्लग लावायची जागा आतल्या खोलीत, आणि मशीनची वायर जेमतेम उंबऱ्यापर्यंत पोचत होती. मी मशीन उंबऱ्यात मांडलं, टेप सुरू केली आणि अंगणातल्या मनराखनला म्हणालो, "आत या. बसा आणि गा."

तो हलला नाही. "काकर दुआर आय?" (हे कुणाचं दार?)

"दार कुणाचं का असेना! तुम्ही गा."

"बिना दुआर के का गाबो?" (दाराशिवाय काय गाऊ?)

श्यामरावांनी समजावलं. हा बसदेवा दरवर्षी ठरलेल्या गावी जातो, घरधन्याला दारात उभं करतो आणि त्याच्या बापजाद्यांची नावं गातो. उंबऱ्यात मशीन ठेवलं, तर तो मशीनच्या बापाचं नाव कुठून आणणार? मी ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणालो, "ते ठीक आहे. पण आत या." असं बराच वेळ चाललं होतं. टेप फिरत होती.

शेजारी नवी क्वार्टर उभी राहत होती. तिथे विटा वाहणारी एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून आमच्या अंगणात आली. बिसाहिन तिचं नाव, कमलाबाई तिला ओळखत होत्या. तिनं मनराखनकडे टक लावून पाहिलं आणि वाकून नमस्कार केला.

"काकर बेटी अस?" (कुणाची लेक तू?) त्यानं विचारलं.

"फिरतू के."

फिरतूचं दार म्हाताऱ्याच्या ठरलेल्या दारांतलं. तिचं गाव कारखान्याच्या जागेत गेलं होतं. माणसं पांगली, आणि त्याच वर्षी फिरतूही वारला. तो गेल्यापासून त्याचं नाव कुणी गायलं नव्हतं. ती म्हणाली, एकदा माझ्या ददाचं (बापाचं) दार गा. मनराखननं हळू आवाजात विचारलं, "तोर दुआर कहाँ हे, बेटी?"

"दुआर तो टूट गे, बबा."

ती मजुरांच्या झोपडीत राहत होती, आणि तिथे दाराला गोणपाट होतं. म्हातारा मान हलवत राहिला. गाऊ नये असं त्याला वाटत नव्हतं, पण गायचं कुठे उभं राहून, हे त्याला कळत नव्हतं.

तेव्हा कमलाबाई सुपात तांदूळ घेऊन आल्या. सूप बिसाहिनच्या हातात दिलं आणि स्वतः अंगणात उतरल्या. "आजच्या दिवस हे दार हिचं हाये. मी पाव्हणी. मास्तर, थे मशीन उचला, तिले उभं राहू द्या."

मी आदरानं मशीन बाजूला घेतलं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं असं की घाईत वायर पायात अडकली, प्लग उपटून आला आणि मी मशीन पोटाशी धरून कमलाबाईंच्या तुळशीपाशी बसलो. तुळस वाचली. टेप थांबली.

आणि मनराखन गाऊ लागला. फिरतू, फिरतूचा बाप, त्याचा बाप. दारातली चिंच. मग शेजारचं समारूचं दार, मग तळ्याकाठचं, मग पुढचं. गल्ली धरून तो चालतच राहिला, जागच्या जागी पाय आपटत. अकरा दारं झाली. बिसाहिन उंबऱ्यात ताठ उभी होती, पदराला सिमेंट, आणि रडत होती. श्यामरावही डोळे पुसत होते.

तांदूळ त्याच्या झोळीत पडले. मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, मशीन मं मोर ददा के नाव धरा गे का?" (मशीनमध्ये माझ्या वडिलांचं नाव धरलं गेलं का?)

मी मान हलवली. हो म्हणून.

तिचा चेहरा उजळला. बसदेवा म्हातारा झाला तरी हरकत नाही, आता नाव राहील, असं काहीसं म्हणत तिनं पाटी उचलली. श्यामरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि उपटलेली वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. ते मला फार लागलं.

परतीच्या गाडीत मी वही काढून अकरा दारं लिहून काढली. पुण्याला टेप लावून पाहिली. त्यावर एक बेसूर गृहस्थ पाव तास "आत या, आत या" म्हणतोय, आणि शेवटी धप्प. वाचनालयात मी तेवढंच ऐकवलं. लोक खूप हसले. हसू दिलं.

घरी येऊन दार लावलं आणि तीच टेप पुसून तिच्यावर मी स्वतः गायलो. चिपळ्या नाहीत, चाल निम्मीच आठवते, आवाज शाळामास्तरचा. फिरतूपासून अकराव्या दारापर्यंत सगळी नावं म्हटली. ती बिसाहिनला वाचून दाखवा म्हणून कमलाबाईंना लिहून पाठवली. त्यांचं उत्तर आलं: 'नववं दार बुधरामचं नाही, बुधारूचं आहे. बाकी बरोबर. बिसाहिन विचारते, मशीन कवा आणता?'

नववं दार मी दुरुस्त केलं आहे. आता जायचं, तिला आधी खरं सांगायचं आणि मग ती म्हणाली तर ऐकवायचं. स्नेह्यानं मशीन पुन्हा दिलंय, शपथा घ्यायला न लावता. आणि या वेळी वायर अंगणापर्यंत पोचेल एवढी लांब घेतली आहे, म्हणजे दार मोकळं राहील.